आरोग्य सेविकेला दारातूनच परत पाठवू नका

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर, भांडुपच्या चाळींत किंवा बोरिवलीच्या नव्या इमारतींत दुपारच्या वेळी एक बाई दार ठोठावते. खांद्याला पिशवी, हातात नोंदवही. "घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? कुणी गरोदर आहे का?" असे विचारते. चाळीत तिला पाण्याचा पेला मिळतो, टॉवरच्या फाटकावर मात्र पहारेकरी अडवतो. ही महापालिकेची आरोग्य सेविका. ती फक्त पोलिओच्या डोसाची आठवण करायला येते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही.

पहिला महिना नाजूक

पाच वर्षांच्या आत जी बालके दगावतात, त्यांतील मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला असतो. प्रसूतिगृहातून बाळंतीण दोन-चार दिवसांत घरी येते आणि नेमक्या याच काळात बाळाकडे जाणत्या नजरेने पाहणारे कोणी नसते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळ तपासायला शिकवले. 39 गावांतील या प्रयोगात नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पुढे 2011 पासून सरकारने 'आशा' कार्यकर्तींमार्फत घरभेटीची ही पद्धत देशभर स्वीकारली.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. 2018 पासून त्यांत 3, 6, 9, 12 व 15 व्या महिन्यातील भेटींची भर पडली. आपल्याकडे कोणी आले नाही, तर या तारखा लिहून ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः चौकशी करा.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

तान्हे बाळ नीट पीत नाही, मलूल पडले आहे, अंग तापले आहे किंवा हातापायांसह पोटही गार लागते आहे, आकडी येते, बेंबीभोवती लाली वा पू आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या. श्वास मोजायला सोपा आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक असतील, तर 'छाती भरली आहे, शेक देऊ' म्हणत वाट पाहू नका. आमच्याकडे येणारी काही बाळे केवळ सेविकेने हे मोजून पाहिल्यामुळे वेळेत पोहोचतात.

आजीबाईंचा सव्वा महिन्याचा अनुभव मोलाचा आहे. मालिश, बाळंतिणीची विश्रांती हे सारे असू द्या. पण बाळाला मध चाटवणे, घुटी, वरचे पाणी आणि डोळ्यांत काजळ मात्र नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. हीच गोष्ट सुनेने सांगितली तर वाद होतो, सेविकेने सांगितली तर सासूबाई ऐकतात. तिच्या भेटीचा हाही एक मोठा उपयोग आहे!

माहेरी जाताना कार्ड न्या

उपनगरातल्या कितीतरी मुली पहिल्या बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जातात. बाळ तिकडे जन्मते, दोन-तीन महिन्यांनी इकडे येते. लसी नेमक्या या जाण्यायेण्यात राहून जातात. म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा आणि परतल्यावर सेविकेला स्वतःहून दाखवा. बाळाचे वय वाढले, आता लस कशाला, असे मनाने ठरवू नका. राहिलेल्या लसी बहुधा पुढे देता येतात.

2022 च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली आणि काही बालके दगावली. लस अपुरी राहिलेली मुले अशा साथीत आधी सापडतात. त्या वेळी घरोघर फिरून ताप-पुरळ असलेली मुले शोधली ती या सेविकांनीच. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक विनंती. सेविकेचे ओळखपत्र जरूर पाहा, पण मग तिला वर जाऊ द्या. खाजगी डॉक्टरांकडे लसी घेतल्या असतील तर तसे सांगून कार्ड दाखवावे, म्हणजे तिची नोंद पूर्ण होते. इमारतीतल्या घरकाम करणाऱ्या बाईंच्या किंवा पहारेकऱ्याच्या घरीही तान्हे मूल असू शकते. त्याची चौकशीही याच भेटीत होऊन जाते. उन्हातान्हात जिने चढून आलेल्या या बाईला पाच मिनिटे द्या. ती पाच मिनिटे आपल्या बाळाच्याच कामी येतात.