नामवर्जन

जगातील अनेक समाजांत ठरावीक व्यक्तींचे नाव उच्चारणे निषिद्ध मानले जाते. या प्रथेस नामवर्जन म्हणता येईल. नाव कोणाचे टाळायचे यावरून तिचे तीन ठळक प्रकार पडतात : सासरच्या माणसांचे, राजाचे आणि मृताचे. नाव टाळले तरी बोलणे काही थांबत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी पर्यायी शब्द घडवावा लागला.

पहिल्या प्रकाराचे अतिशय कडक रूप दक्षिण आफ्रिकेतील झुलू व खोसा समाजांत आढळते. तेथे या प्रथेला ‘ह्लोनिफा’, म्हणजे आदर राखणे, असे नाव आहे. रूढीनुसार विवाहितेने सासऱ्याचे नाव तर घ्यायचे नाहीच, पण त्या नावातील अक्षर असलेला रोजचा शब्दही टाळायचा. झुलू भाषेत पाण्याला ‘अमान्झी’ म्हणतात. सासऱ्याच्या नावात ‘न्झी’ असेल, तर सुनेला साधे पाणी मागायलाही दुसरा शब्द हवा. तो कधी समानार्थी असतो, कधी वर्णनात्मक, तर कधी मूळ शब्दातील व्यंजन बदलून साधलेला. आपण हळहळताना जिभेने ‘च्च’ करतो, तशा ध्वनीची व्यंजने या भाषांत आहेत. ती मूळची या भाषांच्या बांटू कुळातली नसून शेजारच्या खोइसान भाषिकांकडून आली. बदली व्यंजने म्हणून ती ह्लोनिफामुळे रुजली असावीत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल, तर सुनांच्या भिडेने भाषेची वर्णमालाच वाढवली म्हणायची!

चीनमध्ये सम्राटाच्या नावातील चिन्ह वर्ज्य असे. हान वंशातील सम्राट वेन याचे नाव ल्यू हंग. त्यामुळे चंद्रदेवता ‘हंग-अ’ ही ‘चांग-अ’ झाली असे मानतात. जानेवारी 2019 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूस उतरलेले चिनी यान हेच बदललेले नाव धारण करते.

मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी लोक मृताचे नाव काही काळ घेत नाहीत. त्याच नावाच्या हयात माणसालाही तेवढ्या काळापुरते ‘कुमांजायी’ म्हणतात.

सासरच्या माणसांचे नाव टाळण्याची महाराष्ट्रातील रीत सौम्य, पण ओळखीची. नातवाला आजोबांचे नाव ठेवले, की सून त्याला बाळ, बापू, नाना अशी हाक मारी. कित्येकांना तीच हाक म्हातारपणापर्यंत चिकटली. नवरा ‘अहो’, नाहीतर ‘इकडची स्वारी’. गंमत अशी, की एरवी वर्ज्य असलेले नवऱ्याचे नाव लग्नात वा मंगळागौरीला मात्र आग्रहाने घ्यायला लावत, तेही यमकात गुंफून. नणंद उंबऱ्यात आडवी उभी राहून ‘नाव घे’ म्हणे आणि उखाणा होईपर्यंत वाट देत नसे. यमकाची ही सोय कचेरीत चालत नसे. तेथे कारकुनाने पतीचे नाव विचारले, की बाई शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला कोपराने ढोसत आणि म्हणत, “सांग रे, तुझ्या बाबांचं नाव.”