कर्नाळ्याचा अंगठा उभा कुणी केला?

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर झाडीच्या वर एक दगडी अंगठा दिसतो. तोच कर्नाळा. नवी मुंबईतून सकाळी लवकर निघालं, तर दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतकी जवळची डोंगरफेरी. अभयारण्याच्या फाटकातून आत शिरायचं, जंगलातून तास-दीड तास चढायचं, साधारण साडेचारशे मीटर उंचीवर त्या सव्वाशे फुटी सुळक्याच्या पायाशी टेकायचं आणि उतरायचं. पण एवढा सरळसोट दगड तिथे उभा तरी कुणी केला?

कुणीच नाही! तो वर आलेलाच नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं खाली गेलंय.

हे समजून घ्यायला फार मागे जावं लागतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. तो पसरायचा, थिजायचा. मग कधी काही वर्षांनी, कधी हजारो वर्षांनी, त्याच्यावर पुढचा लोंढा यायचा. असे थरावर थर चढत गेले. आज उरलाय तो बसाल्टच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कर्नाळ्याच्या वाटेवर ज्या दगडाला ठेच लागते, तो याच लोंढ्यांचा.

आणि तेव्हा आपण होतो कुठे? विषुववृत्ताच्या दक्षिणेला! बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, ज्या उष्म्यानं हा लाव्हा वर ढकलला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही उसळतो. उष्मा जवळपास जागेवरच राहिला. त्याच्यावरून सरकत इथवर आलो ते आपण.

इथे पनवेलकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात आले की मात्र ते समुद्राकडे कलतात, खाटेच्या काठावरून खाली लोंबणाऱ्या गोधडीसारखे. आज हजारो किलोमीटर दूर असलेली सेशेल्स बेटं एकेकाळी आपल्याला चिकटून होती. ती तुटून निघाली तेव्हा भूखंडाचा काठ ताणला गेला, खचला, आणि त्यात हे थर वाकले असं मानलं जातं. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ही वाकण ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावानं ठाऊक आहे. लोकलच्या इंडिकेटरवर रोज दिसणारं नाव, आणि एक खंड फाटल्याची खूण!

आता पुन्हा सुळक्याकडे. सगळा बसाल्ट सारखाच नसतो. काही थरांत थिजताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले. वाटेवरच्या दगडांत पांढरे ठिपके दिसले तर जरा थांबा; ते त्या बुडबुड्यांच्या पोकळीत मागाहून साठलेले स्फटिक आहेत. असा सच्छिद्र दगड पाणी धरतो, आतून सडतो आणि त्याचा मुरूम होतो. हो, रस्त्याच्या कामावर ट्रकनं येऊन पडतो तोच मुरूम. घट्ट कातळ मात्र दाद देत नाही. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि असे लाखो पावसाळे! नरम ते वाहून गेलं, चिवट ते मागे राहिलं. कर्नाळ्याचा अंगठा म्हणजे त्या झिजेतली शिल्लक.

दुरून दिसणारी अशी जागा माणूस मोकळी थोडीच सोडणार? बोरघाट उतरून पनवेल, आपटा या बंदरांकडे जाणाऱ्या मालावर इथून नजर ठेवता येई. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पायथ्याशी जवळच शिरढोण आहे. तिथे १८४५ मध्ये जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा याच गडाचे किल्लेदार.

माथ्यावर ना नदी ना झरा, मग शिबंदी प्यायची काय? सुळक्याच्या पायाशी बघा: कातळ कोरून केलेली टाकी. जो दगड पावसाला बधला नाही, तोच पाणी धरून ठेवायच्या कामाला जुंपला! वर मान केलीत तर सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं लटकताना दिसतील. गांधीलमाशी जवळ आली की शेकडो माशा एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात, मोहोळावरून लाट सरकते आणि शत्रू बिचकून मागे फिरतो. आवाज आणि धूर मात्र अजिबात करायचा नाही. ती लाट नुसती सूचना असते.

इथून प्रबळगड, माथेरान, माणिकगड दिसतात आणि उत्तरेला पसरलेलं शहरही. त्याच बाजूला नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. पावसाला ज्या कामासाठी लाखो वर्षं लागतात, ते आपण मोजक्या वर्षांत उरकलं.

आता उतरताना विचारा: वाहून गेलेलं ते नरम सगळं गेलं कुठे? त्यातलं काही पायाखालीच आहे. त्याच मातीत हे जंगल उभं आहे. १९६८ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झालं तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरचंही नव्हतं. २००३ मध्ये ते १२ चौरस किलोमीटरवर गेलं. आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडींत दर जूनमध्ये एक पाहुणा घर करतो: तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी.

जांभळा, केशरी, पिवळा, निळा; एवढे रंग मावतात जेमतेम तेरा सेंटिमीटरच्या देहात. वजन दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. बाकीच्या बहुतेक खंड्यांना चार बोटं, याला तीनच. एवढासा जीव दक्षिणेकडून पावसाबरोबर येतो. मुंबई-ठाण्यात इमारतींच्या काचांवर आपटून जखमी झालेले तिबोटी सापडतात, ते याच दिवसांत.

पण नेमका जूनच का? कारण उन्हाळ्यात वाळून टणक झालेल्या दरडीत चोच शिरत नाही. पहिल्या सरींनी माती मऊ झाली की नर-मादी मिळून बीळ खणायला लागतात. ते मीटरभर लांब जाऊ शकतं! तोवर पिल्लांसाठी सापसुरळ्या, बेडूक, खेकडेही मुबलक झालेले असतात.

म्हणजे बघा, ज्या सडण्या-झिजण्यातून वरचा सुळका उघडा पडला, त्यातूनच खालची मऊ दरड तयार झाली. सगळा डोंगर सारख्याच कणखर कातळाचा असता, तर ना अंगठा दिसला असता ना तिबोट्याला बीळ खणता आलं असतं.

आणि हो, पावसाळ्यात गेलात तर कॅमेरा घेऊन दरडीसमोर ठाण मांडू नका. समोर माणूस दिसला की चोचीत सापसुरळी धरलेला तिबोटी बिळात जायला कचरतो, आणि आत चार-पाच पिल्लं भुकेली असतात.