म्हसवडची खानेसुमारी

गावाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तेथे कोणी राज्य केले ते सांगावयाचे, असा आपल्याकडे समज आहे. म्हसवड म्हटले की जाणत्यांना माने घराणे आठवते. १६९७ साली संताजी घोरपड्यांना मारणारे नागोजी माने येथलेच. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गादीवर कोण होते याआधी लोक कोण होते आणि कोठे गेले, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे.

युरोपात बाल्कन मुलखात बितोला नावाचे एक गाव आहे. जुने नाव मोनास्तीर. १९१२ पर्यंत ते तुर्की सुलतानाचे होते, मग सर्बियाचे झाले, आज उत्तर मॅसिडोनियात आहे. निशाण बदलले तशी वस्ती बदलत गेली. तेथल्या ज्यूंना तर मार्च १९४३ मध्ये गोळा करून मृत्यूच्या छावणीकडे धाडले. म्हसवडवर असा प्रसंग आला नाही. येथली वस्ती फौजांनी हलवली नाही, पावसाने हलवली.

सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि माणदेशात नुसता वारा पोहोचतो. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारने माण नदीवर तलावाचे काम काढले. कोणी त्याला म्हसवडचा तलाव म्हणतात, कोणी राजेवाडीचा. उपाशी माणसांनी पोटापुरत्या मजुरीवर माती वाहिली आणि पुढे काही वर्षांनी बांध पुरा झाला. आता याची गंमत पाहा. पाणी साठले ते बहुतेक माणच्या जमिनीवर, आणि पाटाने गेले ते खाली आटपाडी-सांगोल्याच्या शिवारात. पाणी उताराकडेच जाणार, त्याला कोणी काय करावे, हे आम्हांलाही समजते. पण जमीन ज्यांची बुडाली, त्यांनी पुढे कोणती वाट धरली असेल, ते सांगावयास नको.

ती वाट मुंबईची. गिरण्यांचे भोंगे वाजू लागले तशी घाटावरची माणसे तिकडे गेली. इकडे घोंगड्या विणणारे सनगर, मेंढरे राखणारे धनगर, खिलार जनावरांचे व्यापारी, गुजर-जैनांच्या पेढ्या, असा बाजार उभा होता. नगरपालिकाही १८५७ सालची, म्हणजे गाव काही लहानसहान नव्हे. पण दर दुष्काळाला काही घरांना कुलूप लागे. १९७२ साली येथलीच माणसे खडी फोडावयास बसली. १९६९ चा माथाडी कायदा झाल्यावर पाठीवर ओझे वाहणाऱ्याला निदान हजेरी, भविष्य निर्वाह निधी आणि कागदावर नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मात्र गिरण्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, आणि कित्येक जण वळकटी घेऊन परत आले. माणदेशातले काही जण सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले आणि देशभर पांगले. त्यांचे बरे चालले आहे, बंगले दिसतात.

आमच्या संघटनेच्या सभासद-वहीत दोन रकाने असतात, राहण्याचा पत्ता आणि मूळ गाव. पहिला रकाना खोडून खोडून काळा झालेला, दुसरा कोणी कधी बदलत नाही. ‘मु. पो. म्हसवड, ता. माण’. तिसऱ्या पिढीतला, शेंगा कशा लागतात हे न पाहिलेला मुलगासुद्धा तेच लिहितो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा ही सारी मंडळी येतात.

सरकारी मोजणीचे तसे नाही. २००१ साली म्हसवडची लोकसंख्या साडेवीस हजारांच्या घरात होती, २०११ साली चोवीस हजारांच्या. लोक जात असता आकडा वाढला कसा? एक तर घरोघर मुले झाली, आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे बाजारासाठी, शाळेसाठी गावात आली. दुसरे असे की मागे बायका राहिल्या. म्हाताऱ्यांची औषधे, जनावरांचा चारा, पोरांची फी सारे त्यांच्यावर. १९९७ साली त्यांनी आपली माणदेशी महिला सहकारी बँक काढली. पहिल्या अर्जाला, या बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून नकार मिळाला होता. आम्ही रोजाचा हिशेब तोच मोजतो म्हणाल्या, आणि व्याज तोंडी करून दाखवून त्यांनी परवाना आणला.

पण २०११ ची मोजणी झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत. फेब्रुवारीत ऊसतोडीची टोळी कारखान्याच्या फडावर असते. मेंढरे दिवाळीनंतर पाण्याच्या मुलखाकडे गेलेली, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या वीस दिवसांत जो घरी नाही, तो जेथे असेल तेथे मोजावयाचा, असा नियम. उसाच्या खोपीपर्यंत मोजणारा पोहोचला तर मोजला, नाहीतर राहिला. हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य द्यावयाचे ते याच आकड्यावर ठरले. नगरपालिकेत सभासद किती आणि नळाची योजना किती डोक्यांची, तेही असल्याच आकड्यावर ठरते. २०२१ ची मोजणी झालीच नाही. पुढली २०२७ साठी जाहीर झाली आहे, आणि तीही फेब्रुवारीतच. म्हणून फडावरच्या मुकादमांना आणि मेंढपाळांच्या वाड्यांना आतापासूनच गाठून ठेवण्याचे आमचे चालले आहे. ज्यांच्या घरचे कोणी बाहेर आहे, त्यांनी ते सध्या कोठे आहेत एवढे आम्हांला कळवावे.