अडगळीतून परत आलेले औषध

'एकच औषध वारंवार घेतले की शरीराला त्याची सवय होते व ते लागू पडेनासे होते.' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. कधी वर्गात आपणही बोलून जातो. प्रतिजैविकांच्या बाबतीत ते चूक आहे. इथे बदल शरीरात होत नाही, जीवाणूंच्या वस्तीत होतो. कोट्यवधी जीवाणूंपैकी एखाद्याच्या जनुकात योगायोगाने बदल झालेला असतो. औषधाने इतर मरतात, हा तगतो आणि पुढे त्याचीच संतती वाढते. शिवाय प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएमार्फत जीवाणू असे जनुक दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात.

अतिदक्षता विभागात या निवडीला भरपूर वाव मिळतो. श्वासनलिकेतली नळी, मूत्रमार्गातली नळी, शिरेतली सुई या रुग्णाचा जीव वाचवतात; पण त्याच जीवाणूंना आत शिरण्याची वाटही देतात. रुग्ण आधीच दुबळा आणि आसपास प्रतिजैविकांचा सतत वापर! क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर असे जीवाणू इथे ठाण मांडतात. त्यांना दोन पटले असतात. बाहेरचे पटल अनेक औषधांना आत येऊच देत नाही.

अशा संसर्गासाठी मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातील औषधे राखून ठेवलेली होती. परंतु त्यांचेही तुकडे करणारी विकरे जीवाणूंकडे आली. त्यांपैकी 'एनडीएम' या विकराचे वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. मग डॉक्टरांनी हात घातला तो अडगळीत.

कोलिस्टिन हे औषध 1940 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या एका जीवाणूपासून मिळाले. त्याने मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून 1970 च्या दशकात त्याचा वापर खूपच कमी झाला. पुढे दुसरे काही चालेना, तेव्हा ते परत आले. त्याची रीत साधी आहे. जीवाणूच्या बाह्य पटलावर ऋण विद्युतभार असतो, कोलिस्टिनच्या रेणूवर धन. बाह्य पटल घट्ट धरून ठेवणारे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन हा रेणू दूर सारतो. पटल फाटते, पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जीवाणू मरतो.

उपचार मात्र साधा नाही. शिरेतून देतात ते कोलिस्टिनचे निष्क्रिय रूप. शरीरात त्याचे सक्रिय औषध हळूहळू बनते. म्हणून पहिली मात्रा मोठी द्यावी लागते. नाही तर रक्तात पुरेसे औषध साठेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. पुढील मात्रा मूत्रपिंडांचे काम पाहून ठरते. कमी दिले तर जीवाणू उरतात, जास्त दिले तर मूत्रपिंडे बिघडतात, आणि या दोहोंमधले अंतर फार थोडे असते. मग जोडीला दुसरे औषध दिले तर? ग्रीस, इस्राएल व इटलीतील 406 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. कोलिस्टिनसोबत मेरोपेनेम दिल्याने ठळक फायदा दिसला नाही. अ‍ॅविबॅक्टमची जोड दिलेली औषधे व सेफिडेरोकॉल ही अलीकडची औषधे काही जीवाणूंवर उपयोगी पडतात, पण सर्वांवर नाही. म्हणूनच रक्ताचा किंवा थुंकीचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध चालते हे आधी पाहणे महत्त्वाचे.

या औषधालाही तडा गेला आहे. पटलाचा ऋण भार कमी करून कोलिस्टिनला चिकटू न देणारे 'एमसीआर-1' हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे चीनमधील शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये जाहीर केले. ते डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळले. जनावरांची वाढ व्हावी म्हणून कोलिस्टिन खाद्यात मिसळले जात होते! चीनने 2017 मध्ये हा वापर थांबवला. नंतर या जनुकाचे प्रमाण घटलेले दिसले. भारताने जुलै 2019 मध्ये कुक्कुटपालन, मत्स्यशेती व खाद्यासाठीच्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. कोंबडीच्या खुराड्यातला निर्णय रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोचतो, तो असा.

वर्गात एक खेळ घ्यावा. डब्यात 40 हरभरे व 1 वाटाणा ठेवा. हरभरे म्हणजे साधे जीवाणू, वाटाणा म्हणजे प्रतिरोधी. प्रत्येक फेरीत 'औषध' म्हणून निम्मे हरभरे काढा. वाटाण्यांना हात लावू नका. मग उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे तशाच एका दाण्याची भर घाला. दर फेरीअखेर हरभरे 40 च राहतील. वाटाणे मात्र 2, 4, 8 असे वाढत सहाव्या फेरीअखेर 64 होतील. मग मुलांना विचारावे : यात एका तरी दाण्याला औषधाची सवय झाली का?