घर दोघांचं, नाव एकाचं: हिब्याच्या कागदावर सही करण्याआधी एवढं समजून घ्या

पूर्णा ते नांदेड रेल्वेमार्गावरचं चुडावा असो की परभणी जिल्ह्यातलं दुसरं कोणतंही गाव, आपल्या मोहल्ल्यात हल्ली एक सवाल वारंवार ऐकू येतो. घर मियां-बीवी दोघांच्या नावावर आहे, आता ते एकाच्याच नावावर करायचं आहे. मग ग्रामपंचायतीत अर्ज दिला की काम झालं ना?

झालं नाही. ग्रामपंचायतीचा अर्ज ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधी दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि त्या चुकल्या तर वीस वर्षांनी मुलांना कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

दोन नावं आली कुठून?

गावातली बरीच घरं आज दोघांच्या नावावर दिसतात, त्यामागे सरकारी धोरण आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या नावे व्हावी, असं धोरण महाराष्ट्रात २००३ पासून आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्येही घरकुल दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे मंजूर होतं. काही कुटुंबांनी दोघांची कमाई एकत्र करून प्लॉट घेतला आणि खरेदीखतातच दोन नावं टाकली.

इथं पहिली मेख आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. पट्टी कोणाकडून वसूल करायची, हे त्यावरून कळतं. मालकी मात्र खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, वारसा किंवा सरकारी सनद यावरून ठरते. त्यामुळे सगळ्यात आधी घरातली पेटी उघडा आणि मूळ कागद काय सांगतो ते पाहा. गावठाणातलं घर असेल आणि ड्रोन मोजणी झाली असेल, तर २०२० च्या स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका काढा. बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा काढा. घरकुल असेल तर हस्तांतराच्या अटी काय आहेत, हे पंचायत समितीत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरेदीखतात हिस्से लिहिलेले नसतील तर साधारणपणे निम्मे-निम्मे धरले जातात. पण एकाचेच पैसे लागले होते, असा वाद पुढे निघू शकतो. म्हणून नव्या कागदात कोणाचा किती हिस्सा, ते आकड्यात लिहावं.

रस्ते किती?

आपला हिस्सा जोडीदाराला द्यायचा तर मुख्य रस्ते चार आहेत.

एक, बक्षीसपत्र, म्हणजेच हिबा. मोबदला न घेता हिस्सा देणं.

दोन, हक्कसोडपत्र. पुष्कळ लोक हेच सुचवतात, कारण यात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं असं ऐकलेलं असतं. पण ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे. नवरा-बायकोनं मिळून विकत घेतलेलं घर वडिलोपार्जित नसतं. तिथं सोडलेल्या हिस्स्यावर खरेदीखताच्या दरानं शुल्क लागतं.

तीन, खरेदीखत. एकानं दुसऱ्याचा हिस्सा पैसे देऊन विकत घेणं. शुल्क पूर्ण लागतं, पण पैसे खरोखर दिले-घेतले असतील तर हाच सरळ कागद.

चार, मेहरच्या बदल्यात घर देणं. थकलेल्या मेहरपोटी नवऱ्यानं आपला हिस्सा बायकोला दिला तर ती नुसती बक्षिसी राहत नाही. याला हिबा-बिल-इवज म्हणतात आणि कायदा त्याकडे विक्रीसारखं पाहतो. त्याचा कागद नोंदवावाच लागतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या हिब्यानं मेहर फिटत नाही. मेहर फेडायचा असेल तर कागदात तसं स्पष्ट लिहा.

खर्च किती येतो?

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्याशिवाय ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार लागतो. नोंदणी फी आणि दस्त हाताळणीचा खर्च वेगळा.

समजा घराची सरकारी किंमत १२ लाख आहे आणि निम्मा हिस्सा द्यायचा आहे. मग हिशेब ६ लाखांवर होईल. मुद्रांक २०० रुपये, अधिभार ६ हजार रुपये. बाजारात काय भाव चालू आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. सरकारच्या वार्षिक दर तक्त्यातली किंमत धरली जाते.

ही सवलत राहत्या घराला आहे. समोरच्या खोलीत किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी असेल तर त्या भागाला जोडीदाराच्या बक्षिसावर ३ टक्क्यांचा दर लागतो. घर पूर्ण राहतं आहे असं खोटं लिहू नका. पुढे तपासणीत फरकाची रक्कम दंडासकट भरावी लागते.

शरीअत काय म्हणते, कोर्ट काय म्हणतं?

१९३७ च्या शरीअत कायद्यानुसार मुसलमानांचा हिबा हा आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे पाहिला जातो. हिबा पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्यानं साफ शब्दांत दिलं म्हणणं, घेणाऱ्यानं कबूल करणं आणि ताबा देणं. तिन्ही झाल्या की तोंडी हिबाही वैध असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षिसाला नोंदणी सक्तीची आहे, पण त्याच कायद्याच्या कलम १२९ नं मुस्लिम कायद्याचा हिबा त्या अटीतून वगळला आहे. २०११ मध्ये हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा सांगितलं.

मग नोंदणीचा खर्च कशाला, असं कोणी म्हणेल. कारण सिद्ध करणं अवघड जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कलबुर्गीजवळच्या जमिनीचा वाद होता. १९८८ मध्ये तोंडी हिबा झाला असं म्हणणं होतं, दावा २०१३ मध्ये दाखल झाला. ताबा सिद्ध झाला नाही, महसूल दप्तरात नाव लागलेलं नव्हतं, आणि तो हिबा कोर्टात टिकला नाही. कलबुर्गी आणि परभणी दोन्ही एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिकडच्यासारखी तोंडी व्यवहाराची सवय आपल्याकडेही जुनी आहे. आजोबांनी चार माणसांत सांगितलं होतं, एवढ्यावर आता काम भागत नाही. बँक, खरेदीदार आणि तलाठी सगळे नोंदणीकृत कागदच मागतात.

ताब्याचं काय? दोघं त्याच घरात राहतात, मग ताबा द्यायचा कसा? याचं उत्तर मुंबई हायकोर्टाच्या अगदी जुन्या, १८६० च्या दशकातल्या निकालांपासून मिळत आलं आहे. नवरा-बायकोमध्ये देणाऱ्यानं घर सोडून जाण्याची गरज नाही. ताबा दिल्याचं कागदात लिहावं, मूळ कागदपत्रं आणि चाव्या हवाली कराव्यात, नावाची नोंद बदलावी. त्यानंतर नवरा तिथं राहिला किंवा त्यानं भाडं गोळा केलं, तरी ते बायकोच्या वतीनं केलं असं मानलं जातं.

हनफी फिकहमध्ये आणखी एक मुद्दा येतो, मुशाचा. वाटणी होऊ शकणाऱ्या मिळकतीतला न वाटलेला हिस्सा हिबा करण्यावर आक्षेप आहे. वाटलं तर कामाचं राहणार नाही असं छोटं घर असेल तर तो आक्षेप राहत नाही. घर मोठं असेल, मागे मोकळी जागा असेल, तर कागद करण्याआधी जाणत्या आलिमांना आणि वकिलांना दोघांनाही दाखवा.

खरा हिशेब इथं आहे

खर्चाचा हिशेब सगळे विचारतात. वारशाचा हिशेब फार थोडे विचारतात, आणि नुकसान होतं ते तिथंच.

सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत. औलाद असेल तर बायकोला नवऱ्याच्या मालातून आठवा हिस्सा, नवऱ्याला बायकोच्या मालातून चौथा. औलाद नसेल तर बायकोला चौथा आणि नवऱ्याला निम्मा.

आता तेच १२ लाखांचं घर घ्या. दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा आहे आणि मुलंही आहेत. कागद न बदलता नवरा वारला, तर बायकोचे स्वतःचे ६ लाख तिचेच. वर नवऱ्याच्या ६ लाखांतून आठवा हिस्सा, म्हणजे ७५ हजार. एकूण पावणेसात लाख.

पण बायकोनं आधीच आपला हिस्सा नवऱ्याला हिबा केला असेल तर? तिच्या वाट्याला १२ लाखांचा आठवा हिस्सा येईल, म्हणजे दीड लाख. पावणेसात लाखांवरून दीड लाखावर. ज्या घराच्या भिंती तिनं लिंपल्या, त्यात उद्या मुलं-सुना म्हणतील तेवढीच तिची जागा.

उलट बाजूही पाहा. नवऱ्यानं सगळं बायकोच्या नावावर केलं आणि ती आधी गेली, तर त्याला चौथा हिस्सा, म्हणजे ३ लाख मिळतील. कागद बदलला नसता तर स्वतःचे ६ लाख आणि तिच्या हिस्स्यातून दीड लाख, असे साडेसात लाख मिळाले असते. नवऱ्याचे अम्मी-अब्बा हयात असतील तर त्यांचाही वारशात प्रत्येकी सहावा हिस्सा असतो. हिबा झाला की त्या घरापुरता तो उरत नाही.

मग लोक हिबा का करतात? काही कारणं रास्त असतात. औलाद नसेल किंवा फक्त मुली असतील तर हिस्से देऊन उरलेला भाग भावांकडे, पुतण्यांकडे जातो. एकच मुलगी असेल तर तिला निम्मा, बायकोला आठवा, आणि उरलेले आठात तीन भाग नवऱ्याच्या भावांसारख्या वारसांकडे. आपल्या पश्चात बायकोला घरातून कोणी उठवू नये, ही काळजी खरी असते. पण नुसतं एखाद्या वारसाला वंचित करायचं म्हणून हिबा करणं आपल्या उलमांनी नापसंत केलं आहे. नियत काय आहे, ते ज्याचं त्यानं पाहावं.

परत मागता येत नाही

ताबा दिल्यानंतर नवरा-बायकोमधला हिबा परत घेता येत नाही. पुढे तलाक झाला, खुला झाला, मुलांशी बिनसलं, तरी दिलेलं गेलं. “मला मरेपर्यंत सांभाळशील तरच घर तुझं,” अशी अट घालून कोणी निर्धास्त राहू नये. हिबा टिकतो आणि अट गळून पडते, असं बहुतेक वेळा होतं.

आणखी तीन गोष्टी.

मृत्युशय्येवर, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये केलेला हिबा वसीयतीसारखा मानला जातो. वारसाला दिलेला असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणून जे करायचं ते तब्येत ठीक असताना करा.

घरावर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. मालकीतून नाव निघालं म्हणून कर्जाच्या जबाबदारीतून निघत नाही. हिस्सा गेला आणि हप्ता राहिला, अशी वेळ येऊ नये.

घर भाड्यानं दिलेलं असेल तर जोडीदाराकडून मिळालेल्या बक्षिसावर कर लागत नाही, पण त्या घराचं भाडं देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

कागद कसा करायचा?

मूळ खरेदीखत किंवा मिळकत पत्रिका, नमुना ८, कर भरल्याची पावती, दोघांचं आधार आणि पॅन, नातं दाखवायला निकाहनामा एवढं जमवा. वकिलाकडून बक्षीसपत्र लिहून घ्या. त्यात चतु:सीमा, हिस्सा, कबुली आणि ताबा दिल्याचा उल्लेख हवाच. दोन साक्षीदार घ्या, शक्य तर एक तिच्या माहेरचा आणि एक सासरचा. शुल्क ऑनलाइन चलनानं भरून दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ ची प्रत जपून ठेवा.

मग फेरफार. सातबारा असेल तर तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवावं, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं; नोंदणीकृत दस्तानं हक्क मिळाला असेल तर कळवण्याच्या सक्तीतून सूट आहे, तरी नोंद झाली का ते पाहा. शेवटी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना ८ वर नाव बदला, आणि वीजबिलावरही.

सही करणाऱ्या बहिणींसाठी

निकाह झाला म्हणून बायकोचा माल नवऱ्याचा होत नाही. हे शरीअतही सांगते आणि देशाचा कायदाही. हिस्सा द्यायचा की नाही, हे ठरवणारी तुम्हीच. मराठी वाचायला अडचण असेल तर कागद पूर्ण वाचून घ्या, आणि घाई करणाऱ्याला एक दिवस थांबायला सांगा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाता येतं किंवा १५१०० वर फोन करता येतो. आणि घर कोणाच्याही नावावर असो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सासरच्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे.

रात्रीच्या जेवणानंतर दोघांनी कागद-पेन घेऊन बसावं आणि वरचा १२ लाखांचा हिशेब आपल्या घराच्या किमतीनं मांडून पाहावा. तो मांडल्यावरही दोघांचं मन राजी असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून कागद करा. मन खट्टू झालं, तर घर दोघांच्या नावावर राहू द्या. त्यात काही बिघडत नाही.