झोपेतील मृत्यू आणि हृदयाची रेषा

धडधाकट तरुण रात्री जेवून झोपतो. पहाटे तो गुरगुरतो, श्वासासाठी धडपडतो आणि दिवस उजाडण्यापूर्वी संपतो. फिलिपीन्समध्ये अशा मृत्यूला ‘बांगुंगोत’ म्हणतात, जपानात ‘पोक्कुरी’, तर थायलंडात ‘लाई ताई’. थायलंडच्या ईशान्य भागात कुणा विधवेचे भूत पुरुषांना नेते अशी समजूत होती. त्या भुताची फसगत व्हावी म्हणून पुरुष झोपताना बायकांची वस्त्रे नेसत. समजूत भाबडी खरी, परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक होते. मरत होते ते बहुतांशी तरुण पुरुष, आणि तेही झोपेत.

शवविच्छेदनात या माणसांचे हृदय निकोप आढळे. हृदयाची घडण बिघडली नव्हती. बिघडली होती त्यातील वीज. हृदयातील विजेची रेषा कागदावर स्पष्ट उमटविण्याची युक्ती हॉलंडमधील आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे १९९२ साली पेद्रो व जोसेप ब्रुगादा या बंधूंनी आठ रुग्णांच्या आलेखांतील एक विलक्षण खूण वर्णन केली. छातीच्या वरच्या भागी, उरोस्थीलगत घेतलेल्या आलेखात उंच टोकानंतर रेषा तळाशी परतत नाही; ती वरच रेंगाळते आणि मग उतरणीवरून घसरावी तशी तळाखाली बुडते. ‘लाई ताई’तून वाचलेल्या अनेकांच्या आलेखात हीच खूण असल्याचे १९९७ साली दाखविण्यात आले. पुढल्याच वर्षी काही कुटुंबांत तिचे एक आनुवंशिक कारण सापडले: हृदयपेशींत सोडियम आत घेणाऱ्या सूक्ष्म द्वारांतील दोष. मात्र हा दोष सुमारे पाचांतील एकाच रुग्णात आढळतो.

येथवरची हकीकत सरळ आहे. अवघड प्रश्न पुढेच उभा राहतो. नोकरीपूर्वीच्या तपासणीत एखाद्या निरोगी तरुणाच्या आलेखात ही रेषा दिसली, तर त्याला काय सांगावे? युरोपातील १,०२९ रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. हृदय बंद पडून वाचलेल्यांपैकी दरवर्षी शेकडा सुमारे आठांवर पुन्हा तसा प्रसंग ओढवला. मूर्च्छा येऊन गेलेल्यांत हे प्रमाण शेकडा दोन, आणि ज्यांना कधीच काही झाले नव्हते त्यांच्यात शेकडा अर्धा होते. रेषा तीच, पण भाकीत निराळे. म्हणून जाणता वैद्य कागदाइतकेच लक्ष माणसाच्या पूर्ववृत्ताकडे देतो: कधी घेरी येऊन पडलात काय? घरात कुणी अकाली, अचानक गेले काय?

मृत्यूच्या दारातून परतलेल्याच्या कातडीखाली विजेचा झटका देणारे यंत्र बसवितात, आणि ते योग्यच आहे. निरोगी माणसास मात्र त्याच यंत्राचा जाच होऊ शकतो: अवेळी बसणारे झटके, जंतुसंसर्ग, तुटणारी तार. अर्धा टक्का लहान वाटतो खरा. पण तिशीतल्या माणसापुढे चाळीस वर्षे असतात, आणि दरवर्षी तो पुन्हा मोजावा लागतो. येथे वैद्यांतही एकमत नाही.

सावधगिरीबद्दल मात्र मतभेद नाही. ही रेषा लपंडाव खेळते. आज दिसते, उद्या नाहीशी होते. ताप तिला वर आणतो, त्याचप्रमाणे काही औषधे आणि अतिरिक्त मद्यही. म्हणून अशा माणसाने ताप अंगावर काढू नये, तो त्वरित उतरवावा. नवे औषध घेण्यापूर्वी आपल्या हृदयाची गोष्ट वैद्याच्या कानावर घालावी, आणि आईवडील, भावंडे व मुले यांचाही आलेख काढवून घ्यावा.