वास आला तो गेला: मसाल्याच्या डब्याविषयी थोडं

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मिसळणाचा डबा कशाला, असं कुणाला वाटेल. पण गंधाचा विचार आपल्या वैशेषिकांनी फार बारकाईने केला आहे. त्यांच्या मते गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. मग वाऱ्यावर फुलाचा वास येतो तो कसा? तर वाऱ्याबरोबर पृथ्वीचे सूक्ष्म कण येतात आणि नाकाला भेटतात. गुण द्रव्याला सोडून एकटा फिरत नाही.

आजच्या रसायनशास्त्राची भाषा वेगळी, पण इथे निघणारा अर्थ तोच. जिरं, लवंग, वेलदोडा यांत उडून जाणारी तेलं असतात. त्यांचे रेणू नाकापर्यंत पोचले की आपण म्हणतो, काय घमघमाट सुटलाय! म्हणजे जो वास आपल्याला आला, तो मसाल्यातून गेला. कपाट उघडताच गोडा मसाला दरवळतो, याचं कौतुक नको. झाकण सैल आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एवढं एक सूत्र धरलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. अख्खा मसाला म्हणजे बंद कुपी; कुटला की ती फुटते. म्हणून अख्खे धणे-जिरे वर्षभर सहज टिकतात आणि त्यांची पूड काही महिन्यांतच निस्तेज होते. उष्णता, उजेड, हवा आणि ओल हे चार शत्रू. गॅसशेजारची फळी सगळ्यात सोयीची, म्हणूनच सगळ्यात वाईट. उकळत्या आमटीवर डबा धरून मसाला घालू नये. वाफ आत शिरते आणि गुठळ्या होतात. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, त्यामुळे तो लवकर खवट होतो. तो थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा. आणि गार बरणी लगेच उघडू नये, नाहीतर आत पाणी धरतं.

फोडणीचंही तेच तत्त्व. ही तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. फोडणी म्हणजे गंध तेलात धरून ठेवण्याची युक्ती. आधी मोहरी, मग जिरं-हिंग, हळद शेवटी. कारण पूड चटकन करपते. कोथिंबिरीचा वास नाजूक, म्हणून ती भांडं उतरवल्यावर.

आता एक फसवणूक पाहा. मिरचीचा तिखटपणा असा उडून जात नाही. जुनं तिखटही जीभ भाजतं, पण त्याचा रंग आणि स्वाद केव्हाच गेलेला असतो. इथे जिभेची साक्ष पुरेशी नाही. चिमूटभर तळहातावर चोळून हुंगायचं, हेच प्रत्यक्ष प्रमाण! बुरशी दिसली तर मात्र परीक्षा नको, सरळ टाकून द्यायचं. काही बुरशींचं विष भाजूनही जात नाही, बरं का.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची रीत दहा माणसांच्या घरात शहाणपणाची होती, बरणी संपायची. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दोनच ताटं मांडली जातात, माप मात्र जुनंच. त्यात वयाबरोबर आपलं नाकही मंदावतं. मसाला फिका, नाक फिकं, मग जेवण सपक लागतं आणि हात मिठाकडे जातो. डॉक्टर नेमकं तेच कमी करायला सांगतात. अशा वेळी चमचाभर जिरं ताजं भाजून कुटलं, तर ताकाला किंवा कोशिंबिरीला मीठ कमी असूनही चव येते.

तेव्हा घरी गेल्यावर प्रत्येक डबा उघडून हुंगू या. बरण्यांवर तारखा घालू, आणि यंदा मसाल्याचं माप ताटं मोजून ठरवू. आता प्रश्न घेऊ.